दापोली ते गुहागर: खाडी ओलांडून जायचा बेत कसा आखावा

नकाशात दापोली आणि गुहागर शेजारी दिसतात. आहेतही शेजारीच, मधे फक्त वाशिष्ठीची खाडी. पण गाडी घेऊन निघालात की हाच प्रवास कधी दोन तासांत उरकतो, तर कधी अर्धा दिवस खातो. फरक रस्त्यावर पडत नाही, दाभोळच्या धक्क्यावर, म्हणजे गाड्या फेरीबोटीवर चढतात तिथे पडतो. किलोमीटर मोजून निघालेला माणूस उतारावर गाड्यांच्या रांगेत घाम पुसत उभा राहतो. बोटीची वेळ आधी धरून तिथून उलटं मोजत निघालेला तोवर गुहागरच्या व्याडेश्वराचं दर्शन उरकून पानावर बसलेला असतो.

म्हणून या लेखात रस्त्यापेक्षा बोटीबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिला निर्णय: बोट की वळसा

दापोलीहून गुहागरला गाडीने जायचे दोन मार्ग. पहिला दाभोळमार्गे: दापोली ते दाभोळ साधारण तीस किलोमीटर, मग फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला, आणि तिथून गुहागर पंधरा-सतरा किलोमीटर. दुसरा खाडीला वळसा घालून: दापोलीहून खेड, खेडहून मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण, चिपळूणहून गुहागर. हा शंभर-एकशेदहा किलोमीटरचा, तीन तासांचा हिशोब. दाभोळ-धोपावे फेरीबोट 2003 पासून सुरू आहे. त्याआधी गाडीवाल्यांना वळसा घातल्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

साध्या दिवशी, छोटी गाडी, दिवसाउजेडी प्रवास असेल तर डोळे झाकून बोट. वळसा मी चारच वेळी सुचवेन. रात्र झाली असेल तेव्हा. गाडी मोठी असेल, म्हणजे लग्नाची बस किंवा सामानाने लादलेला टेम्पो, तेव्हा. पावसाळ्यात वारा सुटला असेल आणि बोट चालू आहे याची फोनवर खात्री झाली नसेल तेव्हा. आणि गणपती, शिमगा, नाताळ, मे महिना यातल्या एखाद्या जोडसुट्टीला दुपारी दापोली सोडणार असाल तेव्हा. त्या दिवसांत धक्क्यावर दोन-तीन बोटी डोळ्यांदेखत भरून निघून जातात आणि आपली गाडी जेमतेम चार हात पुढे सरकते. अशा वेळी लांबचा रस्ता आधी पोचवतो.

चाकरमान्यांच्या गर्दीचा एक नियम लक्षात ठेवा: सुट्टी लागायच्या दिवशी गर्दी एका दिशेने, संपायच्या दिवशी उलट दिशेने. तुमची दिशा गर्दीच्या उलटी असेल तर सणातही बोट मोकळी मिळते.

बोटीची वेळ धरा आणि उलटं मोजा

बोट सकाळी लवकर सुरू होते आणि रात्री उशिरापर्यंत चालते, पण फेऱ्यांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी धक्क्यावरच्या तिकीट खिडकीला फोन लावून दोन गोष्टी विचारा: उद्या फेऱ्या कधी कधी आहेत, आणि शेवटची बोट किती वाजता. कुणी दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या वेळापत्रकाच्या फोटोवर विसंबू नका.

आता उलटा हिशोब. समजा दहाची बोट धरायची आहे. साध्या दिवशी धक्क्यावर अर्धा तास आधी असावं, म्हणजे साडेनऊ. दापोली ते दाभोळ वळणावळणाचा रस्ता आहे, तासभर धरा, म्हणजे साडेआठ. त्यात पेट्रोल, एटीएम आणि कुणाला तरी ऐन वेळी आठवलेली औषधाची गोळी यांना पंधरा मिनिटं. सव्वाआठला मुक्काम सोडायचा. खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं, उतरून बाहेर पडायला थोडा वेळ, पुढे गुहागरपर्यंत अर्धा-पाऊण तास. अकराच्या सुमारास गुहागर.

दहाची हुकली तर? पुढची बोट साधारण पाऊण-एक तासाने असते. म्हणून नेहमी दोन बोटी डोक्यात ठेवा, एक धरायची आणि एक हुकल्यावरची. पलीकडे खानावळीत जेवण सांगितलं असेल तर ते दुसऱ्या बोटीच्या हिशोबाने सांगा.

फोनमधला नकाशा इथे अर्धवट उपयोगाचा. तो कधी बोटीवरून नेतो, कधी गुपचूप चिपळूणला वळवतो. बोटीवरून नेलं तरी धक्क्यावर थांबण्याचा वेळ त्याला कळत नाही. नावांचेही घोळ आहेत. ‘दाभोळ’ शोधताना संगमेश्वर तालुक्यातलं, कोल्हापूर रस्त्यावरचं दाभोळे येऊ शकतं. मुरूड म्हटलं की जंजिऱ्याचं मुरूड पुढे येतं, दापोलीचं नाही. म्हणून आधी थेट दाभोळची जेटी टाका, पलीकडे गेल्यावर नव्याने गुहागर टाका. आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, खाली खाडीकडे उतरलं की रेंज येऊन-जाऊन असते.

भरती-ओहोटी बघा

हे बहुतेक जण करत नाहीत. बोट भरतीतही चालते आणि ओहोटीतही, मग कशाला बघायचं? दोन कारणं. ओहोटीला पाणी खाली गेलं की बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांचा कोन बदलतो. उताराचा एरवी पाण्याखाली असलेला भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. खाली बसकी गाडी असेल तर तिचं नाक किंवा पोट तिथेच घासतं. दुसरं कारण गुहागरचं: किनाऱ्यावर चालायला ओहोटीच हवी.

मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतं, पण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा कालनिर्णयावरच भागतो. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. घड्याळाच्या काट्यावर बसणार नाही, पण बेत आखायला पुरेसा आहे.

आता याचा अर्थ लावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. त्या दिवसांत सर्वांत खालची ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते, नेमकी परतीच्या बोटीच्या वेळेला. गाडी बसकी असेल तर त्या दिवशी परतीची बोट दुपारची घ्या किंवा मुक्काम करा. मुक्काम केलात तर संध्याकाळी गुहागरची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, रुंदच रुंद मिळते. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी फारसं चढउतार करत नाही. बसक्या गाडीला ते दिवस सोयीचे.

दापोली सोडण्याआधी

टाकी दापोलीतच भरा. रोख रक्कमही तिथेच काढा. धक्क्यावर मोबाईलने पैसे घेत असले तरी रेंज रुसली की खिशातली नोटच कामी येते. शिमग्याच्या दिवसांत सुटे जवळ असू द्या, वाडीवाडीतली पोरं पोस्त मागायला रस्त्यात उभी असतात. त्या दिवसांत समोरून पालखी आली तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि पालखी पुढे गेल्याशिवाय हलायचं नाही. हॉर्न तर वाजवायचाच नाही.

ब्रेक आणि हँडब्रेक तपासून घ्या. घाटासाठी नव्हे, धक्क्याच्या उतारासाठी. टायर गुळगुळीत झाले असतील तर पावसाळ्यात हा बेत नकोच.

दापोली ते दाभोळ: आतला रस्ता की किनाऱ्याचा

दापोली समुद्रापासून जवळ असली तरी बरीच उंचावर आहे. इंग्रजांनी इथे लष्कराचा तळ ठेवला तो हवेमुळेच, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. त्यामुळे दाभोळला जायचं म्हणजे सड्यावरून चालत राहायचं आणि शेवटी खाडीकडे उतरायचं.

आतला रस्ता सरळ दाभोळला नेतो. बोट धरायची असेल तर हाच घ्या. रुंदी बेताची, वळणं आंधळी, आणि समोरून एसटी येणार हे गृहीत धरून चालवायचं. एसटीचा चालक रस्ता पाठ असल्याने आपल्यापेक्षा वेगात असतो. त्याला जागा द्या, वाद घालू नका. गुरं सड्यावर मोकळी असतात, पावसाळ्यात तर कोरडी जागा म्हणून डांबरावरच बसतात. पाऊस नुसता सुरू झालेला असेल तेव्हा जांभ्याची लाल माती वाहून रस्त्यावर येते आणि वळणावर गाडी सरकते. चार दिवसांच्या झडीनंतरच्या धुतलेल्या रस्त्यापेक्षा हा पहिला पाऊस धोक्याचा.

दुसरा रस्ता बुरोंडी, पंचनदी, कोळथरेकडून. लांब पडतो, अरुंद आहे, चढउतार जास्त. पण हाताशी वेळ असेल तर सुंदर आहे. बुरोंडीला पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा लागतो. नकाशात ‘परशुराम’ टाकलंत तर मात्र तो चिपळूणजवळच्या परशुराम मंदिराकडे नेईल, तेव्हा बुरोंडी लिहा. कोळथऱ्याला नारळी-पोफळीच्या बागांतून जाणारा रस्ता इतका निरुंद आहे की समोर गाडी आली तर कुणाला तरी मागे यावं लागतं, आणि बागेच्या दगडी गडग्याला खेटून गाडी मागे घ्यायची सवय नसेल तर तिथेच वीस मिनिटं जातात.

माझं मत विचाराल तर बोटीच्या दिवशी वाटेत कुठेच थांबू नका. हर्णै, आंजर्ले, मुरूड ही दापोलीच्या मुक्कामात बघायची ठिकाणं आहेत. ‘जाता जाता हर्णैचा मासळीचा लिलाव बघू’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की हर्णै उलट्या दिशेला आहे.

दाभोळचा धक्का

गावात शिरताना रस्ता अरुंद होत जातो आणि शेवटी घरांच्या मधून धक्क्याकडे उतरतो. रांग लागली असेल तर तिथेच मागे उभे राहा. पुढे जाऊन बघून येतो म्हणून गाडी आत घातलीत तर उतरणाऱ्या गाड्यांची वाट अडते आणि मग सगळ्यांचीच बोट लांबते. एकाने गाडीत थांबायचं, दुसऱ्याने चालत तिकीट खिडकीवर जायचं. तिकीट गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं असतं.

गाडी बोटीवर चढवायची रीत अशी. चालक सोडून बाकीच्यांनी खाली उतरून चालत बोटीवर जावं. गाडी हलकी होते आणि पोट घासत नाही. आधी बोटीतून येणाऱ्या गाड्या पूर्ण उतरू द्या. मग खलाशी हात करेल त्याच गाडीने हलायचं, नंबर आपला असला तरी. तो मोठ्या आणि लहान गाड्या वजन बघून लावत असतो. उतारावर पहिला गिअर, क्लच अर्धा दाबून खेळ करायचा नाही, मधे थांबायचं नाही. फळीवर चाक चढताना लोखंडाचा खणखणाट होतो आणि पुढचं नाक क्षणभर आभाळाकडे जातं. नवखा चालक नेमका तिथेच ब्रेक दाबतो. दाबू नका, त्याच गतीने आत जा. कधी रिव्हर्समध्ये चढवायला सांगतात. तेव्हा आरशापेक्षा खलाशाच्या हाताकडे बघा. आत दोन गाड्यांत वीतभर अंतर ठेवतात, म्हणून आरसे मिटून घ्या. गाडी लागली की इंजिन बंद, गिअर टाकलेला आणि हँडब्रेक ओढलेला.

बोटीला उशीर असेल तर दाभोळात वेळ घालवायला दोन चांगल्या जागा आहेत, पण गाडीत एक जण बसलेला हवा. धक्क्याजवळच आदिलशाहीतली मशीद आहे. गावात तिला अंडा मशीद म्हणतात. मोठा घुमट, चार मिनार, समोर चौक. आजच्या दाभोळकडे बघून पटत नाही, पण हे एके काळी कोकणातलं मोठं बंदर होतं. रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासाला इथूनच जहाजावर चढला. पोर्तुगीजांनी 1508 च्या डिसेंबरात हे शहर जाळलं.

दुसरी जागा चंडिकेचं देऊळ. ते गावाच्या वरच्या अंगाला आहे, चालत जायचं नाही. एक बोट सोडायची तयारी असेल तरच जा. देवी कातळातल्या गुहेत आहे. वाकून आत शिरायचं, उजेड फक्त तेलाच्या दिव्यांचा. डोळे सरावेपर्यंत पुढच्याच्या पाठीला हात लावून चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना बाहेरच बसवा.

धोपावे ते गुहागर

हा टप्पा छोटा. धोपाव्याचा चढ चढून वर आलात की वेलदूर, रानवी, अंजनवेल या बाजूचा सडा लागतो आणि मोठ्या चिमण्या दिसू लागतात. हाच तो एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प. नाव दाभोळचं, पण जागा खाडीच्या अलीकडची, गुहागर तालुक्यातली. दाभोळच्या लोकांना तो फक्त समोरून दिसतो. 2001 मध्ये बंद पडला, 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीची स्थापना झाली आणि तो तिच्याकडे गेला. प्रकल्पामुळे या भागातले रस्ते रुंद आहेत, एवढा फायदा गाडीवाल्यांना मिळतो.

सकाळची बोट घेतली असेल तर गुहागरला जाण्याआधी अंजनवेलला वळा. गोपाळगड, दीपगृह आणि टाळकेश्वराचं देऊळ जवळजवळ आहेत, दीड तासात होतात. दीपगृहात ठरावीक वेळेतच आत सोडतात. दुपारची बोट असेल तर हे सगळं दुसऱ्या दिवशीवर टाका आणि सरळ गुहागर गाठा.

गुहागरात पोचल्यावर

गुहागर लांबट आहे. समुद्राला समांतर एकच मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरं आणि बागा. रस्त्याकडेला गाडी लावली की एसटी अडते, म्हणून मुक्कामाच्या आवारात लावा आणि गावात पायी फिरा. व्याडेश्वर, दुर्गादेवी आणि पुळण सगळं चालण्याच्या अंतरात आहे. व्याडेश्वर अनेक घराण्यांचं कुलदैवत असल्याने लग्नसराईत आणि श्रावणी सोमवारी देवळाच्या आसपास गाडीला जागा मिळत नाही.

घरगुती खानावळीत जेवायचं तर सकाळी फोन करून किती पानं ते सांगा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. ऐन वेळी सहा माणसं दारात उभी राहिली तर भात-आमटीवर भागवावं लागतं, आणि त्यात खानावळवाल्या काकूंचा काही दोष नाही. मासे खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताटात खाडीचं किंवा सुकं मिळेल.

मोठा बाजार, गॅरेज, टायरवाला हवा असेल तर तो गुहागरात शोधण्यापेक्षा चिपळूण रस्त्यावरच्या शृंगारतळीला जा, दहा-बारा किलोमीटर आहे.

वळसा घ्यायची वेळ आलीच तर

दापोली ते खेड रस्ता ठीक आहे, उतरणीला वळणं आहेत. खेडच्या भरणे नाक्याला महामार्ग मिळतो. लोटे औद्योगिक वसाहतीत टँकर आणि ट्रक यांची वर्दळ कायम, विशेषतः पाळी सुटायच्या वेळी. मग परशुराम घाट. पावसाळ्यात इथे दरड येते, तेव्हा निघण्यापूर्वी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. घाट उतरलात की चिपळूण. बहादूरशेख नाक्यापाशी वाहतूक तुंबते, तिथे वीस मिनिटं जास्तीची धरा. जेवण चिपळुणातच उरका. पुढे रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागर. हा रस्ता रात्रीसुद्धा बोटीच्या मार्गापेक्षा सोपा, कारण वाटेत वस्ती आणि उजेड आहे.

परत येताना

परतीचा सगळा बेत शेवटच्या बोटीवर नाही, शेवटून दुसऱ्या बोटीवर आखा. शेवटची हुकली तर धोपाव्याहून मागे फिरून चिपळूण-खेड करत दापोली, म्हणजे रात्रीचे तीन-साडेतीन तास. रविवारी संध्याकाळी तर शेवटच्या दोन बोटींना गाड्या मावतीलच असं नाही. अशा दिवशी दुपारचं जेवण झालं की निघायचं, किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा मोह शनिवारीच पुरवून घ्यायचा.

दापोलीला परतायचं नसेल तर दक्षिणेकडे वाट मोकळी आहे. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला जायचं, तिथून जयगडच्या खाडीवर दुसरी फेरीबोट मिळते आणि पलीकडे गणपतीपुळे हाकेच्या अंतरावर राहतं. हेदवीच्या दशभुज गणपतीला जाणारा चढ तीव्र आहे, गाडी वरपर्यंत जाते. तवसाळच्या बोटीला वर सांगितलेले सगळे नियम तसेच लागू, फक्त फेऱ्यांच्या वेळा निराळ्या, तेव्हा तिथे वेगळा फोन करा.